पुढच्या चाकाचं बेअरिंग घरी बदलता येतं का? प्रेस (बेअरिंग दाबून बसवायचं मशीन) नसेल तर हातोडीनं ठोकून बसवलं तर चालेल का? खर्च किती?

बदलता येतं. हातोडीनं मात्र नाही, आणि आमच्या दाजींना हे अजून पटलेलं नाही म्हणूनच लिहायला बसलोय.

साठच्या पुढं माझी गाडी घूंऽऽ करायला लागली. गॅरेजवाला म्हणाला, चारही टायर बदला. मी तुळजापूर रोडला मोकळा रस्ता बघून स्टेअरिंग जरा डावीकडं घेतलं की आवाज चढायचा, उजवीकडं घेतलं की दबायचा. म्हणजे वजन उजव्या चाकावर आलं की बोंब. टायर सहसा असं करत नाही.

एक्सलचा नट चाक जमिनीवर असतानाच पाइप लावून ढिला केला. ब्रेकचा कॅलिपर तारेनं स्प्रिंगला टांगला (दाजी तो ब्रेकच्या होजवर लोंबकळत सोडणार होते!). नकल (बेअरिंग ज्यात बसतं तो चाकामागचा लोखंडी भाग) हातात आला तसे दाजी सॉकेट आणि हातोडी घेऊन हजर. "आण इकडं, आम्ही जन्मभर असंच बसवलं."

अहो, नकलमध्ये बसवताना जोर फक्त बाहेरच्या रिंगवर यायला पाहिजे. आतल्या रिंगवर दणके बसले की गोळ्यांचे व्रण रिंगेवर उमटतात, नवंकोरं बेअरिंग बसवतानाच मेलं. मी नकल आणि हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) पिशवीत घालून अक्कलकोट रोड एमआयडीसीत प्रेसवाल्याकडं गेलो. जुनं टाण्णकन सुटलं. आतली रिंग हबवरच अडकली, ती बऱ्याचदा अडकतेच; ग्राइंडरनं चीर पाडून छिन्नीनं फोडली. नवं सरळ आत गेलं, सर्कलिप (बेअरिंग जागेवर धरणारी कडी) खाचेत टक्कन बसली.

दाजींनी स्वतःच्या गाडीचं ठोकूनच बसवलं. दिवाळीच्या आत परत घूं घूं. म्हणतात, सोलापूरचे रस्ते खराब. मग माझी गाडी काय पुण्यात फिरते?

खर्च गाडीवर आहे, तुम्ही मॉडेलच लिहिलं नाही. एसकेएफ किंवा एनबीसीचं घ्या, बिलासकट. मजुरी बरीचशी वाचते, प्रेसचे पैसे मात्र द्यावे लागतात.

आणि हो, नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा. एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर बेअरिंगची चुंबकी बाजू सेन्सरकडं येऊ द्या, नाहीतर दिवा लागतो. एक्सलचा नट नवाच, टॉर्क पान्यानं (ठरलेल्या जोरानं आवळायचा पाना) आवळायचा, आणि आवळल्याशिवाय गाडी ढकलायची नाही. नकल खोलला म्हणजे चाकांची अलाइनमेंट करून घ्याच. दाजी त्यालाही पैसे काढायचे धंदे म्हणतात.