गिंप या चित्र संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वळणदार रेषेवर मजकूर कसा बसवायचा?

आधी पाथ टूलने वळण काढा, म्हणजे मजकूर ज्यावर बसवायचा ती रेषा (पाथ) तयार होईल. मग टेक्स्ट टूलने मजकूर लिहा आणि त्याच मजकुरावर राइट क्लिक करून ‘टेक्स्ट अलाँग पाथ’ निवडा. इथवर करूनही फक्त बाह्यरेषा दिसते. ते बरोबरच आहे, कारण गिंप वळलेल्या मजकुराचा नवा पाथ बनवतो, रंग भरत नाही. पाथ्सच्या यादीत त्या नव्या पाथचं सिलेक्शन करा, नवा लेअर (थर) घ्या, रंग भरा आणि मूळ मजकुराचा लेअर लपवा. मात्र आता शब्द बदलता येत नाहीत, म्हणून शुद्धलेखन आधीच तपासा. पुढे बदल लागणार असतील तर इंकस्केप हे रेखाचित्रांचं सॉफ्टवेअर वापरा. तिथे पाथवरचा मजकूरही बदलता येतो.

मराठीसाठी खरी अडचण शिरोरेषेची. इंकस्केपमध्ये किंवा फोटोशॉपच्या पाथवर प्रत्येक अक्षर वेगळं वळतं, त्यामुळे वर्तुळाच्या बाहेरच्या बाजूने लिहिलं की अक्षरांची डोकी फाकतात आणि ‘महाराष्ट्र’सारख्या शब्दाची रेघ तुटक दिसते. आतल्या बाजूला तीच डोकी एकमेकांवर चढतात. वळण जितकं सौम्य आणि अक्षरं जितकी लहान, तितकं हे कमी. फोटोशॉप असेल तर मी पाथऐवजी वॉर्प टेक्स्टमधला ‘आर्क’ घेईन. त्यात अक्षरंच वाकतात, रेघ अखंड राहते.