वॉशिंग्टनचं सोवळं-ओवळं

प्रश्न : सर, माझा आतेभाऊ डलासला असतो. फोनवर नेहमी ऐकवतो की तिकडं पुढाऱ्याचं एक लफडं बाहेर आलं की दुसऱ्या दिवशी राजीनामा. आपल्याकडं तसं का होत नाही?
– बी.ए.ची विद्यार्थिनी, उदगीर

उत्तर : पोरी, आतेभावाला एकदा 1998 सालाबद्दल विचार.

तेव्हा बिल क्लिंटन अमेरिकेचे अध्यक्ष होते आणि त्यांच्या कार्यालयातल्या मोनिका लेविन्स्की या तरुणीशी त्यांच्या संबंधांचं प्रकरण गाजत होतं. प्रतिनिधिगृहात, म्हणजे तिकडच्या संसदेच्या खालच्या सभागृहात, रिपब्लिकन पक्षाचं बहुमत, सभापती न्यूट गिंग्रिच. क्लिंटनवरच्या महाभियोगाची मोट बांधण्यात हे पुढं. आणि त्याच काळात, लग्नाची बायको घरी असताना, गृहातल्याच एका कर्मचारी बाईंशी यांचं सूत जुळलेलं. कबुली दिली ती 2007 मध्ये. त्यांचं म्हणणं असं की क्लिंटन शपथेवर खोटं बोलले, मुद्दा तो होता, बाई हा नव्हता. कायद्याच्या अंगानं बघितलं तर या बोलण्यात तथ्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या वर्षी टीव्हीवर कायद्याचा कीस कमी आणि चारित्र्याची प्रवचनंच जास्त चालली होती. गिंग्रिच पायउतार झाले खरे, पण ते नोव्हेंबरच्या निवडणुकीत पक्षाच्या जागा घटल्या म्हणून. लफड्याचा तेव्हा गावभर बोभाटासुद्धा झालेला नव्हता.

त्यांच्या जागी बॉब लिव्हिंग्स्टन ठरले. तेवढ्यात लॅरी फ्लिंट नावाच्या एका अश्लील मासिकवाल्यानं जाहिरात दिली की पुढाऱ्यांच्या भानगडींचा पुरावा आणा, 10 लाख डॉलरपर्यंत देतो. लिव्हिंग्स्टनचं नाव त्यात निघणार हे दिसताच त्यांनी आपणहून कबूल केलं. 19 डिसेंबरला, महाभियोगाच्या मतदानाच्या दिवशीच, ते भर सभागृहात उभे राहिले आणि क्लिंटननी राजीनामा द्यावा म्हणाले. समोरच्या बाकांवरून ओरडा झाला, ‘तुम्ही द्या!’ आणि त्यांनी खरंच दिला. तुझ्या आतेभावाच्या डोक्यात बहुधा हाच प्रसंग असावा.

आता पुढचं ऐक. दोघं असे गेले म्हणताना पक्षानं स्वच्छ, साधा, गावाकडचा माणूस शोधला. डेनिस हॅस्टर्ट. इलिनॉयमधल्या यॉर्कव्हिल गावचे जुने शाळामास्तर, कुस्तीचे प्रशिक्षक. आठ वर्षं सभापती राहिले. रिपब्लिकन पक्षाचा इतका काळ टिकलेला दुसरा सभापती नाही. 2015 मध्ये त्यांच्यावर खटला भरला गेला तो बँकेतून पैसे काढण्यावरून. तिकडं 10 हजार डॉलरच्या वर रोकड काढली की बँकेला सरकारला कळवावं लागतं. हॅस्टर्ट आधी 50-50 हजार काढत होते. बँकेनं कशाला म्हणून विचारलं, तर 10 हजाराच्या आत काढायला लागले. संशयित रकमांवर बँकांचा पहारा कडक करणारा 2001 चा कायदा यांच्याच सभापतिपदाच्या काळात झालेला! एवढे पैसे जात होते कुणाकडं? कुस्तीच्या आखाड्यातल्या एका जुन्या विद्यार्थ्याकडं, त्यानं तोंड उघडू नये म्हणून. 35 लाख डॉलर द्यायचं ठरलं होतं. मास्तर असताना त्यांनी मुलांवर अत्याचार केले होते, एकावर नाही, अनेकांवर. त्या गुन्ह्याची मुदत केव्हाच उलटून गेलेली, त्यामुळं शिक्षा झाली ती बँकेच्या प्रकरणात, 15 महिने. शिक्षा सुनावताना न्यायाधीशांनी मात्र मुलांवरच्या अत्याचारांचा स्पष्ट शब्दांत उल्लेख केला. मी जन्मभर मास्तरकी केली, म्हणून हे प्रकरण मला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त झोंबतं. क्लिंटनच्या नैतिकतेवर घसा फोडणाऱ्या सभागृहाला ‘निष्कलंक’ म्हणून सापडला तो हा.

आणि क्लिंटन? फेब्रुवारी 1999 मध्ये सिनेटनं, म्हणजे वरच्या सभागृहानं, निर्दोष सोडलं, मुदत पुरी केली.

तेव्हा राजीनामा तिकडंही लाजेपोटी येत नाही. माणूस पक्षाला जड झाला की येतो. दक्षिण कॅरोलिनाचे मार्क सॅनफर्ड बघ. 1998 ला क्लिंटनविरुद्ध मत दिलेले. 2009 मध्ये गव्हर्नर असताना काही दिवस गायबच झाले, कार्यालयानं सांगितलं साहेब डोंगरात पायी भटकंतीला गेलेत. साहेब निघाले अर्जेंटिनात, मैत्रिणीकडं. राजीनामा दिला नाही, मुदत पुरी केली आणि 2013 मध्ये लोकांनी पुन्हा वॉशिंग्टनला निवडून पाठवलं. हे आतेभावाला सांग, फोन त्याच्या खर्चानं असेल तेव्हा.

प्रश्न : मी लातूरच्या आडत बाजारात मुनीम आहे. सौद्याच्या आधी भाव कुणाला कळला तर इथं बोंब होते. अमेरिकेत खासदारच शेअर घेतात-विकतात, हे कसं चालतं?
– एक वाचक, लातूर

उत्तर : भाऊ, चालतं, कारण नियम करणारे तेच आणि शेअरवाले तेच. 2012 मध्ये कायदा झाला की आतल्या माहितीवर खासदारांनी कमाई करायची नाही आणि 1,000 डॉलरच्या वरचा व्यवहार 45 दिवसांत जाहीर करायचा. उशीर झाला तर दंड किती? 200 डॉलर. तुमच्या बाजारात एवढ्या दंडाला हमालसुद्धा भिणार नाही.

रिचर्ड बर यांचं उदाहरण घ्या. सिनेटच्या गुप्तचर समितीचे अध्यक्ष. फेब्रुवारी 2020 च्या पहिल्या आठवड्यात त्यांनी दुसऱ्या एका सिनेटरबरोबर लेख लिहिला की कोरोनासारख्या साथरोगाला तोंड द्यायला अमेरिका पूर्वी कधी नव्हती एवढी सज्ज आहे. 13 फेब्रुवारीला स्वतःचे शेअर विकून टाकले, कमीत कमी 6 लाख 28 हजार डॉलरचे. पुढच्या आठवड्यात बाजार घसरायला लागला. महिनाअखेरीस खासगी जेवणात बड्या मंडळींना सांगितलं की हे 1918 च्या फ्लूच्या भयंकर साथीसारखं आहे. लोकांसाठी लेख, आपल्या माणसांसाठी खरी खबर. समितीचं अध्यक्षपद सोडावं लागलं, चौकशी झाली, खटला भरला नाही.

गंमत अशी की 2012 चा तो कायदा सिनेटमध्ये 96 विरुद्ध 3 मतांनी झाला, आणि त्या तिघांत बर होते. म्हणजे लेखापुरतं ढोंग म्हणा, शेअरच्या बाबतीत गडी एकवचनी निघाला.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही टेड क्रूझ यांना झोडपलंत, की फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सास थंडीनं गारठलेलं, वीज गेलेली आणि हे कुटुंबासह मेक्सिकोच्या कानकुनला. डेमोक्रॅट काय धुतल्या तांदळासारखे आहेत?
– निवृत्त तलाठी, नांदेड

उत्तर : मुळीच नाहीत, तलाठी साहेब. कोरोनाच्या काळात कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम लोकांना सांगत होते की तीनाहून जास्त घरची माणसं एकत्र येऊ नका. आणि नोव्हेंबर 2020 मध्ये स्वतः महागड्या हॉटेलात मित्राच्या वाढदिवसाला. फोटो निघाला. न्यूयॉर्कचे एलियट स्पिट्झर ॲटर्नी जनरल, म्हणजे राज्याचे मुख्य सरकारी वकील, असताना वेश्याव्यवसायाचे अड्डे मोडून काढत, आणि 2008 मध्ये गव्हर्नरपद गेलं ते तसल्याच एका अड्ड्याचं गिऱ्हाईक निघाल्यामुळं.

पण माझ्या हिशेबात सगळ्यांवर कडी केली ती न्यू जर्सीच्या बॉब मेनेंडेझ यांनी. सिनेटच्या परराष्ट्र समितीचे तेव्हाचे अध्यक्ष. जून 2022 मध्ये घराची झडती झाली. कपाटात त्यांचं नाव भरतकामात विणलेली जॅकिटं टांगलेली, त्यांच्या खिशांत नोटांची पाकिटं. बुटांतही नोटा. एकूण रोकड 4 लाख 80 हजार डॉलरच्या वर, शिवाय सोन्याच्या 13 लगडी, त्यातल्या दोन किलोकिलोच्या. खुलासा काय केला, तर आमच्या घराण्यानं क्युबात जप्ती पाहिलीय, म्हणून रोख जवळ ठेवायची सवय. (सोन्याचं काय, ते जॅकिटालाच माहीत.) ज्युरीला पटलं नाही. लाच घेणं आणि इजिप्तसाठी हस्तक म्हणून काम करणं, दोन्ही गुन्हे शाबीत झाले आणि जानेवारी 2025 मध्ये 11 वर्षांची शिक्षा झाली.

आता खरी मेख. आधीच्या वर्षांत याच गृहस्थांनी न्याय खात्याला पत्रं लिहिली होती की अमुक माजी खासदार परक्या देशासाठी काम करतो आणि तशी सरकारदरबारी नोंदणी करत नाही, चौकशी करा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच, आणि त्याही सरकारी लेटरहेडवर. माणूस घसरला तर मी फार बोलत नाही. ज्या गोष्टीसाठी दुसऱ्याच्या पाठीत छडी घातली तीच स्वतः करत होता, तिथं मात्र माझी लेखणी थांबत नाही, मग पक्ष कुठलाही असो.

प्रश्न : गुरुजी, अमेरिकेचं लई झालं. आमच्या गावात टँकर कागदावरच येतो, त्यावर लिवायला काय हात बांधलेत का? लांबच्याला शिव्या द्यायला कुणाचं काय जातं!
– एक शेतकरी, आष्टी

उत्तर : तुमचा राग रास्त आहे, पाव्हणं. पण हॅस्टर्ट सापडले ते कुणी अग्रलेख लिहिला म्हणून नाही, बँकेच्या नोंदीत सापडले. मेनेंडेझना झडतीतल्या नोटांनी बुडवलं, बरना स्वतःच भरलेल्या फॉर्मनं उघडं पाडलं. नाव घेऊन मी नुसतं लिहिलं तर पुढारी म्हणेल मास्तर विरोधकांचा आहे, आणि विषय संपेल.

टँकरच्या फेऱ्यांची नोंदवही असते, तिच्यावर गावातल्यांच्या सह्या लागतात. माहिती अधिकाराचा 2005 चा कायदा आहे. साध्या कागदावर अर्ज, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि पंचायत समितीतल्या जन माहिती अधिकाऱ्याकडं द्या. मार्च ते जूनच्या नोंदवहीची आणि बिलांची नक्कल मागा. ‘टँकर का येत नाही’ असं विचारू नका, त्याचं उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील तिथंच वरच्या अधिकाऱ्याकडं. नक्कल हातात आली की कुठल्या तारखेला टँकर आलाच नव्हता ते गावातल्या बायाबापड्यांना विचारून समोर लिहा, आणि सह्या कुणाच्या आहेत तेही बघा. मयत माणसाची सही निघाली तर ते पान आधी पाठवा.