योगवर्ग : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. योगशिक्षकाचा अभ्यासक्रम करून सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी ६ चा मोफत वर्ग सुरू केला. सुरुवातीला २२ जणी यायच्या, दीड महिन्यात ७ उरल्या. कुठे चुकतंय? (वर्धा)

उत्तर : बहुतेक वेळा चूक आसनांत नसते, वेगात असते. नकळत आपण पहिल्या ओळीतल्या लवचीक दोघींकडे बघून सूचना देतो. मागच्या ओळीतल्या साठीच्या काकूंचे हात पश्चिमोत्तानासनात (पाय समोर पसरून पुढे वाकताना) गुडघ्यापुढे जात नाहीत. त्या शेजारणीकडे बघतात आणि चौथ्या दिवशी 'घरी पाहुणे आलेत' असा निरोप येतो. वर्ग त्या काकूंच्या वेगाने चालवा. नागपूरचे योगप्रसारक जनार्दनस्वामी यांच्या योगाभ्यासावरच्या श्लोकात 'यथाशक्ति निरन्तरम्' (झेपेल तेवढं, पण सतत) हे शब्द शेजारीशेजारी आहेत, ते उगाच नव्हे.

काकूंच्या बैठकीखाली चादरीची चार बोटं जाड घडी द्या, तळपायांना जुनी ओढणी अडकवून तिची टोकं हातात द्या. गुडघे किंचित वाकले तरी चालतील, पाठ लांब राहिली पाहिजे. हाडं ठिसूळ असतील तर पाठीची कमान करून पुढे वाकणं नकोच, मणक्याला फ्रॅक्चर होऊ शकतं. वज्रासनात पोटऱ्या आणि मांड्यांमध्ये घडी ठेवा. गुडघा बदललेला असेल तर ते आसन सोडून खुर्चीवर बसवा. प्लॅस्टिकची खुर्ची फरशीवर सरकते. लोखंडी घ्या, पाठ भिंतीला टेकवून ठेवा. रक्तदाब असलेल्यांनी श्वास रोखायचा नाही. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारी आसनं बंद. या गोष्टी पहिल्याच दिवशी विचारून वहीत लिहा, कारण चारचौघांत कुणी आपणहून सांगत नाही.

तासाची वाटणी : ५ मिनिटं शांत बसणं, १५ पूरक हालचाली, २५ आसनं (सहा-सात पुरेत), ७ प्राणायाम, ८ शवासन. उशीर झाला की पहिली कात्री शवासनाला लागते. तसं करू नका, थकलेली बाई त्या आठ मिनिटांसाठीच येते.

आणि सगळं एकटीने ओढू नका. पूरक हालचाली आळीपाळीने वर्गातल्या बायकाच घेऊ देत. हॉलची किल्ली दोघींकडे असावी. कुणी दोन दिवस दिसली नाही तर तिसऱ्या दिवशी फोन जावा, पण तुमचा नव्हे, शेजारच्या चटईवरचीचा. बाईंचा फोन म्हणजे हजेरी वाटते, मैत्रिणीचा फोन म्हणजे चौकशी.

प्रश्न : यजमान गेल्यापासून वर्गाला जाते. शवासनात रडू येतं, म्हणून जाणं टाळावंसं वाटतं. (सांगली)

उत्तर : ताई, टाळू नका. दिवसभर आवळून धरलेलं शरीर सैल पडलं की असं होतं, यात लाजण्यासारखं काही नाही. डोळे मिटणं जड जात असेल तर अर्धे उघडे ठेवा, पोटऱ्या खुर्चीवर टेकवून झोपा, पाचच मिनिटं. नको वाटलं तर उजव्या कुशीवर वळा, हाताचा आधार घेऊन सावकाश उठून बसा आणि भ्रामरीची (भुंग्यासारखा गुंजारव करत श्वास सोडण्याची) पाच आवर्तनं करा. शिक्षिकेला आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्या सगळ्यांदेखत विचारणार नाहीत. नंतर चटया गोळा करायला थांबा. हाताला काम असलं की बोलणं सोपं जातं. मात्र दोन आठवड्यांहून जास्त झोप-जेवण बिघडलेलं असेल तर डॉक्टरांना भेटा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, फोन मोफत आहे. योग उपचारांच्या जोडीला हवा, त्यांच्याऐवजी नव्हे.

प्रश्न : फी घ्यावी का? (डोंबिवली)

उत्तर : शिकवणं हाच तुमचा चरितार्थ असेल तर नि:संकोच घ्या. सोसायटीतला हौसेचा वर्ग असेल तर कोपऱ्यात एक डबा ठेवा, ज्याला जमेल त्याने टाकावं. त्यातून चटया, चादरी, विजेचं बिल भागवा. हिशेब दोघींनी ठेवून महिन्याच्या शेवटी फळ्यावर लिहावा. वर्ग फुटतात ते बरेचदा याच डब्यावरून.