युक्तिवादाविना श्रद्धा

प्रिय मित्रा,

ख्रिस्ती श्रद्धेच्या बाजूने पुरेसा पुरावा देता येत नसेल तर ती बाळगणे विवेकाला धरून होईल का, हा तुझा प्रश्न प्रामाणिक आहे, आणि म्हणूनच ‘श्रद्धेत तर्क शोधू नये’ असे सांगून मी त्याची बोळवण करणार नाही.

अपुऱ्या पुराव्यावर विश्वास ठेवणे कोणासाठीही, केव्हाही गैरच, असा दंडक इंग्रज गणिती व तत्त्वज्ञ डब्ल्यू. के. क्लिफर्ड यांनी १८७७ मध्ये मांडला. पण या दंडकाला स्वतःला कोणता पुरावा आहे? काल काय घडले याची आठवण किंवा समोरच्या माणसालाही मन आहे ही खात्री आपण युक्तिवादाने सिद्ध करून स्वीकारलेली नसते, तरीही त्यासाठी आपल्याला कोणी अविवेकी म्हणत नाही. हाच धागा धरून अमेरिकन तत्त्वज्ञ अॅल्विन प्लँटिंगा यांनी देवावरील श्रद्धाही अशीच पायाभूत, म्हणजे युक्तिवादाच्या आधाराविनाही विवेकी, असू शकते असे प्रतिपादन केले. आणि देव खरोखर असेल व पवित्र आत्माच माणसाच्या अंतःकरणात शुभवर्तमानाविषयी, म्हणजे ख्रिस्ताच्या संदेशाविषयी, खात्री उत्पन्न करत असेल, तर ती खात्री युक्तिवादाविनाही ज्ञान ठरते, असे त्यांनी पुढे दाखवले. मला हे म्हणणे पटते.

मात्र त्यातला ‘असेल तर’ विसरू नकोस. ख्रिस्ती धर्म खरा आहे हे यातून सिद्ध होत नाही, आणि असाच दावा दुसऱ्या धर्माचा अनुयायीही करू शकतो. शिवाय प्लँटिंगांच्या मते पायाभूत श्रद्धाही अढळ नसते. तिच्याविरुद्ध सबळ कारण पुढे आले तर उत्तर द्यावेच लागते. ख्रिस्ती श्रद्धेला तर यातून मुळीच सुटका नाही, कारण ती एका ऐतिहासिक घटनेशी बांधलेली आहे. ख्रिस्त उठवला गेला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे, असे प्रेषित पौलाने करिंथ शहरातील ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्रात म्हटले, आणि त्याच अध्यायात केफा (म्हणजे पेत्र), बारा शिष्य व पाचशेहून अधिक बंधू यांना ख्रिस्ताचे दर्शन झाल्याचे नमूद केले. पुराव्याची गरजच नाही असे मानणारा माणूस साक्षीदारांची अशी यादी देणार नाही.

तेव्हा श्रद्धेची सुरुवात युक्तिवादापासून झाली नाही याची खंत बाळगू नकोस. पण आक्षेप टाळूही नकोस. देव चांगला व समर्थ असेल तर निरपराधांना दुःख का, हा आक्षेप आधी हाती घे, कारण माझ्या मते तोच सर्वांत कठीण आहे. पुनरुत्थानाच्या वृत्तान्तांविषयी इतिहासकारांनी काढलेल्या शंका त्यानंतर पाहू.

तुझा हितचिंतक