मुरतं ते लोणचं

प्रश्न : साताऱ्याच्या आमच्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये हिवाळ्यात हिमालयात जायचं ठरलं की हमखास ऐकू येतं, 'पंधरा दिवसांत नवा बर्फ पडला नाही, म्हणजे जुना मुरलाय. बिनधास्त चला.' इथं 'मुरणे' चालेल का?

उत्तर : नाही चालणार. लोणचं मुरतं, पाऊस जमिनीत मुरतो, माणूस राजकारणात मुरतो. आत जिरून एकजीव होणं म्हणजे मुरणं. निरभ्र, कडक थंडीच्या कोरड्या पंधरवड्यात पातळ थराच्या बर्फाचं नेमकं उलटं होतं. जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास, वरचा पृष्ठभाग मात्र रात्री उघड्या आभाळाखाली कितीतरी खाली उतरतो. दर १० सेंमीला १ अंशाहून जास्त फरक पडला की आतली वाफ वर सरकू लागते, कणांना कोन फुटतात, एकमेकांवरची पकड सुटते. असा बर्फ मुठीत दाबला तरी गोळा होत नाही, बोटांतून गळतो. मुरण्याचा फारच सोस असेल तर 'कुठंतरी पाणी मुरतंय' म्हणा, तेवढं शोभेल. नाहीतर तुपासाठी वापरतो तो शब्द आहेच : रवाळ.

इंग्रजीत याला 'शुगर स्नो' म्हणतात. आता साखर आणि सातारा एका वाक्यात आले की कंदी पेढ्याला वगळून कसं चालेल? साहेबानं पेढा चाखून 'कँडी' म्हटलं आणि त्याचं 'कंदी' झालं, असं गावातले झाडून सगळे जाणकार ठोकून देतात. मला ते मुळीच पटत नाही. गुलकंदातला 'कंद' काय साहेबानं आणला? तो जमिनीखालचा कंदही नव्हे. तो फारसी 'कंद', म्हणजे साखर. कलाकंदात तोच. या फारसी शब्दाचं मूळ संस्कृत 'खंड', साखरेचा खडा. तोच पुढं अरबी, फ्रेंच असा फिरत इंग्रजीत 'कँडी' झाला. शब्द गुलकंदाच्या बरणीत घरातच असताना तो बोटीनं विलायतेहून कशाला मागवायचा?

हां, बर्फाचं राहिलं. रवाळ थर नुसता असतो तेव्हा फारसं बिघडत नाही. त्यावर नव्या हिमाचा किंवा वाऱ्यानं आणलेल्या बर्फाचा घट्ट पापुद्रा बसला की हिमस्खलनाचा धोका. म्हणून खड्डा खणून आधी थर चाचपायचे : मूठ शिरते, चार बोटं, एक बोट, पेन्सिल की फक्त सुरी? घट्ट थराखाली मूठ शिरली तर सावध. मग ९० सेंमी रुंद, ३० सेंमी आत असा खांब करवतीनं मोकळा करायचा, एका टोकावर फावड्याचं पातं ठेवून १० थापा मनगटातून, १० कोपरातून, १० खांद्यातून. भेग ज्या थापेला पडली त्याच किंवा पुढच्याच थापेला दुसऱ्या टोकापर्यंत धावली, तर ३० ते ४५ अंशांच्या उतारावर जायचं नाही, त्याच्या पायथ्याशीही रेंगाळायचं नाही. धावली नाही म्हणून 'मुरला' म्हणायचं नाही. दहा पावलांवर थर वेगळा असू शकतो.

आणि वेण्णा तलावाकाठी थंडीत पांढरं दिसतं ते गोठलेलं दहिवर. त्याला 'हिमवर्षाव' म्हणणाऱ्या बातमीदारांचा समाचार पुन्हा कधीतरी.