आधी नाव कुणाचं ते बघ

प्रिय मुली,

सौर प्रकल्पाच्या बाजूने लिहावं की विरोधात, या पेचात तू पडली आहेस. तो पेच सोडून दे. शेतीला दिवसा वीज हवीच, आणि सौर प्रकल्पातून ती मिळते. थंडीत मध्यरात्री नवऱ्यामागे बॅटरी धरून गव्हाला पाणी द्यायला निघालेल्या, सापाच्या भीतीने पाय आपटत चालणाऱ्या बाईला ते पटवून द्यावं लागत नाही.

तू नाव बघ. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत शेतकऱ्याने 10 टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींनी 5 टक्के. पण अर्जाला सातबारा लागतो. सातबाऱ्यावर नावच नसलेल्या बाईने मागायचं कशाच्या जोरावर? 2015-16च्या कृषिगणनेत देशातल्या खातेदारांत बायका जेमतेम 14 टक्के होत्या. खुरपणी-वेचणी कुणाच्या हातची असते, ते तू रोज बघतेस!

दिवसा वीज आली की ‘तू रानात आहेसच’ म्हणून दारं धरणं, म्हणजे वाफ्यावाफ्यात पाणी वळवणं, तिच्याकडे येतं, पॅनेलवरची धूळ पुसणंही. पाणी वाढलं की दुसरं पीक, म्हणजे दुसरी खुरपणी. पंप मात्र त्याच्या नावावर.

शेतीला दिवसा वीज देणाऱ्या ‘सौर कृषी वाहिनी’ योजनेच्या प्रकल्पासाठी जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं, दरवर्षी 3 टक्के वाढ. ज्याचं नाव, त्याच्या खात्यात. त्याच रानात शेळ्या चारणाऱ्या, गवताचा भारा नेणाऱ्या भूमिहीन बाईचं नाव कुठेच नाही. कुंपण पडलं की तिने जायचं कुठे? आणि तू अहवालात नुसतं ‘पडीक’ लिहून मोकळी झालीस. पुन्हा असं लिहू नकोस. तिथे कोण येतं ते विचार, मग लिही.

मी एकच तुणतुणं वाजवते, असं बैठकांत म्हणायचे. पाणलोट असो की ठिबक, मी आधी सातबारा काढायला लावायची. त्यापायी कामं रखडली, चांगली माणसं दुरावली. त्याचं वाईट वाटतं, पण आजही मी तेच करीन. नवरा गेल्यावर दीर पंप उचलून न्यायला आला, तर तिने अडवायचं कशाच्या आधारावर, सांग ना!

लक्ष्मीमुक्ती योजनेत नवरा हयात असतानाच बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. पंपाचे अर्ज भरायच्या आधी तुझ्या गटातल्या जोडप्यांना घेऊन तलाठ्याकडे जा. गायरान सौर प्रकल्पाला देण्याचा विषय ग्रामसभेत येणार असेल, तर शेळ्यावाल्या बायकांना आदल्या दिवशी घरी जाऊन सांग. नुसत्या दवंडीवर त्या येणार नाहीत. त्या वेळी त्या रानात असतात.