शिशाच्या वजनांवरील अक्षरे

प्रश्न : अथेन्सच्या प्राचीन अगोरातील (बाजारचौकातील) संग्रहालयात शिशाचे चौकोनी, करड्या रंगाचे तुकडे पाहण्यात आले. त्यांवर कासव, दोन कानांचा कुंभ, डॉल्फिन अशी चित्रे व काही ग्रीक अक्षरे उठावात होती. ही व्यापारी वजने होत, असे तेथे समजले. इतक्या मऊ धातूची वजने व्यापाऱ्यांच्या हाती देणे शासनाला धोक्याचे वाटले नाही काय? आणि एकाच चिन्हाच्या दोन वजनांत फरक का आढळतो?
— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : अथेन्सच्या राज्यातच, लाव्रिओन येथे चांदीच्या खाणी होत्या. तेथील खनिजातून चांदी वेगळी काढताना शिसे मुबलक हाती येई. ते ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, साध्या साच्यात ओतता येते आणि जड असल्यामुळे लहान तुकड्यातही पुरेसे वजन मावते. स्वस्त व सोयीचा असा दुसरा धातू त्यांच्याजवळ नव्हता.

धोका मात्र होताच, आणि तो ओळखूनच त्यांवर अक्षरे घातली जात. दुकानातले शिशाचे वजन हे प्रमाण नव्हते, ती प्रमाणाची नक्कल होती. मूळ प्रमाणवजने शासनाच्या ताब्यात असत. अगोराच्या उत्खननात इसवी सनपूर्व ५०० च्या सुमाराचा तीन कांस्य वजनांचा जो संच मिळाला, त्यावर ही अथेनियनांची सार्वजनिक मालमत्ता असल्याचे कोरलेले आहे. त्यातील घोट्याच्या हाडाचे चिन्ह असलेला स्टेटर (वजनाचे एक ग्रीक एकक) ७९५ ग्रॅम भरतो, ढालीचे चिन्ह असलेला पाव स्टेटर १९० ग्रॅम आणि कासवाचा षष्ठांश १२६ ग्रॅम. पावाची चौपट केली तर ७६० ग्रॅम होतात, म्हणजे शासनाच्या संचातही आजमितीस पस्तीस ग्रॅमांचा मेळ बसत नाही. हे ध्यानात ठेवले, की शिशाच्या तुकड्यांतील प्रत्येक तफावतीमागे लबाडी शोधण्याचा मोह आवरतो.

चित्रे ही अक्षरओळख नसलेल्या गिऱ्हाइकाचीही सोय होती. शिशाच्या वजनांत डॉल्फिन म्हणजे मिना (वजनाचे आणखी एक एकक), कुंभ म्हणजे स्टेटरचा तिसरा हिस्सा, कासव म्हणजे चौथा. अर्धे कासव काढले, की आठवा. (वरच्या कांस्य संचात कासव षष्ठांशावर आहे, तेव्हा केवळ चित्रावरून माप ठरवू नये.) बाजारावर देखरेख करण्यासाठी मेट्रोनोमोई नावाचे दहा अधिकारी चिठ्ठ्या टाकून निवडले जात, पाच शहरासाठी व पाच पिराएउस बंदरासाठी, आणि विक्रेते योग्य वजनेमापे वापरतात की नाही हे पाहणे त्यांचे काम होते, असे ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या अथेन्सच्या राज्यव्यवस्थेवरील ग्रंथात म्हटले आहे.

फरकाचे मोठे कारण असे, की प्रमाणच काळानुसार बदलत गेले. चांदी तोलण्याचा मिना १०० द्राख्म्यांचा (द्राख्मा हे वजनाचे लहान एकक), म्हणजे सुमारे ४३० ग्रॅमांचा होता. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीच्या एका अथेनियन ठरावाने बाजारी मिना १३८ द्राख्म्यांचा ठरवला आणि त्यावर आणखी १२ द्राख्मे गिऱ्हाइकाला वाढवून द्यावेत, तागडीची दांडी १५० द्राख्म्यांवर समतल राहावी, असे बजावले. मंडईत भाजीवर मूठभर कोथिंबीर घालून देतात, तसलाच हा वाढावा. पण येथे तो विक्रेत्याच्या मर्जीवर न सोडता कायद्यानेच बांधून दिला होता, ही गोष्ट मला त्या ठरावातील सर्वांत रंजक वाटते. याखेरीज, जमिनीत पडून राहिलेल्या शिशावर पांढरट क्षारांचा थर चढतो, कडा झिजतात, आणि मूळ वजन दोन्ही बाजूंनी ढळते.

पुढे सेल्युकस घराण्याच्या अमलाखालील सीरिया व पॅलेस्टाइनमध्ये अक्षरांचे काम अधिक स्पष्ट झाले. तेथील अनेक शिशाच्या वजनांवर सेल्युकस शकाचे वर्ष व त्या वर्षीच्या अगोरानोमोसचे, म्हणजे बाजाराच्या अधिकाऱ्याचे, नाव असते. काहींवर राजघराण्याचे जहाजाच्या नांगराचे चिन्हही दिसते. हा शक इसवी सनपूर्व ३१२ पासून मोजला जात असल्याने १७० हे वर्ष इसवी सनपूर्व १४३-१४२ ठरते. वजन खोटे निघाले, तर ते कोणाच्या कारकिर्दीत बाजारात आले, हे त्याच तुकड्यावरून सांगता येई.

प्रश्न : या शिशाचा आपल्याकडील इतिहासाशी काही संबंध आहे काय?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : वजनांचा थेट संबंध नाही, धातूचा आहे. सातवाहनांनी शिशाची नाणी पाडली. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक भाषेतील ‘पेरिप्लस’ या सागरी प्रवासवर्णनात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत तांबे व कथलाबरोबर शिसेही आहे. वजनांसाठी मात्र कौटिल्याच्या अर्थशास्त्रात लोखंड किंवा मगध व मेकल येथील दगड सांगितला असून, पाण्याने वाढणार नाही व उष्णतेने घटणार नाही असाच पदार्थ वापरावा, अशी अट घातली आहे.